जवळचे नातेवाईक

शालन मशीनवर शाळेची खाकी चड्डी शिवत होती. मी दारातच उभा राहून सांगितलं, "श्रीरंग गेला."

तिनं शिवण मध्येच सोडली नाही. ती बाजू शेवटापर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं. दुकानात काजं करणाऱ्या दोन पोरी होत्या. त्यांना म्हणाली, "जा गं, चहा पिऊन या."

पोरी गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही निवृत्ती. मोटर वाइंडिंगवाले."

"हो."

"नाव ठाऊक होतं. तोंड आज बघितलं. बसा."

मी बसलो नाही. आता मी तिला नुसतं शालन म्हणतो, त्या दिवशी ताई म्हणत होतो. ती श्रीरंगची बायको. लग्नानंतर थोडीच वर्षं नांदली, मग सासरच्यांनी तिला माहेरी लोणंदला आणून सोडलं ते कायमचं. ही सगळी माझ्या आधीची गोष्ट. श्रीरंग तिच्याबद्दल फार बोलायचा नाही. बोलला की त्या दिवशी जेवायचा नाही.

"कशानं गेला?"

"सकाळी अंघोळीला पाणी काढत होता. तिथंच बसला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं."

"बरं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सांगायला आलात, सांगून झालं. आता माझं काय काम तिथं? छाती बडवायला त्यांच्याकडं बाया आहेत."

"सही पाहिजे, ताई."

"अजून माती झाली नाही आणि सही?"

"माती होऊ नये म्हणूनच पाहिजे."

मग मी बसलो आणि सांगितलं. श्रीरंग हायस्कूलला विज्ञान शिकवायचा. शाळेत प्लॅस्टरचा एक माणूस होता, पोट उघडून आतले भाग काढता येणारा. त्यातलं यकृत कुणीतरी केव्हाच पळवलं होतं. श्रीरंग मुलांना म्हणायचा, "या माणसाला यकृतच नाही, तरी तुमच्यापेक्षा सरळ उभा राहतो." देहदानाचा अर्ज त्यानं भरून ठेवला होता. त्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणाला होता, "निवृत्ती, जिवंत असेपर्यंत सगळं झाकून ठेवलं. मेल्यावर तरी पोरांना उघडून बघू दे."

पण अर्ज भरला म्हणजे देह दिला असं होत नाही. माणूस मेल्यावर जवळच्या नातेवाइकाला संमती द्यावी लागते. सकाळी डॉक्टर दाखला लिहीत होते तेव्हाच मी शहरातल्या मेडिकल कॉलेजला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ चांगले बोलले. गाडी पाठवतो म्हणाले. मग विचारलं, "आपण कोण त्यांचे?"

"मी त्यांच्यासोबत राहतो."

"सोबत म्हणजे?"

"एका घरात."

"तसं चालत नाही हो. पत्नी, मुलं, भाऊ, बहीण. जवळचं कुणीतरी पाहिजे."

आम्ही एका घरात इतकी वर्षं राहिलो की दोघांना चष्मा एकाच नंबरचा लागला होता. जो हाताला लागेल तो घालायचा. पण फोनवर हे कसं सांगणार?

जवळचा म्हणजे श्रीरंगचा थोरला भाऊ, अंकुशराव भोईटे. त्याला निरोप मीच दिला होता. तो भावकी घेऊन आला तोच बांबू, सुतळी आणि मडकं गाडीत घालून. देहदानाचं सांगितलं तर म्हणाला, "भोईट्याच्या घरातला माणूस कापायला द्यायचा? तू कोण सांगणारा? मैतर हाईस, मैतरासारखा कडंला बस." आणि मी ज्या घराचं भाडं, गळती, उंदीर सगळं सांभाळलं त्या घरात मला चुलीशेजारी बसवून त्यांनी तिरडी बांधायला घेतली. मी मागच्या दारानं निघालो आणि मोटारसायकल काढली.

"गाडी निघाली आहे," मी शालनला म्हणालो. "सही नसेल तर रिकामी परत जाईल. आणि ती यायच्या आत यांनी उचललं तर प्रश्नच मिटला."

शालन ऐकत होती. हातातल्या चड्डीची घडी घालत होती, परत मोडत होती.

"म्हणजे माझी सही चालती," ती म्हणाली.

"तुमचीच पहिली चालते."

"आणि तुमची?"

"माझी नाही."

"गंमत आहे." ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी त्याच्यासोबत राहिले तेव्हा तो माझ्याकडं पाठ करून झोपायचा. त्याला दूध किती साखरेचं लागायचं तेसुद्धा मला आता आठवत नाही. आणि सही माझी."

"बिनसाखरेचं," मी म्हणालो. कसं कोण जाणे, तोंडातून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"श्रीरंगच्या. भाड्याचं होतं, मग त्यानं विकत घेतलं."

"म्हणजे आता माझं."

"हो."

"माहीत होतं तुम्हाला? तरी आलात?"

"घर घ्या, ताई. मला त्याची शेवटची गोष्ट त्याच्या मनासारखी व्हायला पाहिजे. बाकी काही मागायला आलो नाही."

"घर मी घेणारच आहे. उपकार करू नका." ती उठली, मशीनवर कापड टाकलं. "सही करते. पण फुकट नाही."

"सांगा."

"मला परत पाठवलं तेव्हा सासूबाईंनी साऱ्या वाडीला काय सांगितलं, ठाऊक आहे? सून वांझ आहे. मरेपर्यंत सांगत होत्या. माझ्या बापानं फारकत मागितली, म्हणजे मला दुसरीकडं देता आलं असतं. तर अंकुशभाऊजी म्हणाले, भोईट्यांच्या घरात फारकत होत नसते. दोन्हीकडून दार लावलं. लोणंदला कुणाच्या डोहाळजेवणाला मला अजून बोलवत नाहीत, निवृत्ती. पोरींची पोलकी मी शिवायची आणि ओटी भरायला दुसरीनं जायचं." ती थांबली. "तिथं सगळी भावकी बसली असेल. त्यांच्यासमोर सांगायचं, की दोष माझ्यात नव्हता. आणि का नव्हता तेही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

मी उठून दारापाशी गेलो.

"का? अवघड आहे?"

"ताई, मला काही वाटत नाही. माझं दुकान बंद पडेल, पडू दे. पोलिसात नेलं तर नेऊ दे." त्या काळी आमचं एकत्र राहणं कायद्यानं गुन्ह्यातच धरलं जायचं. "पण त्याचं नाव? ते त्यानं जन्मभर जपलं. गावात गुरुजी म्हणतात. मी आज तिथं बोललो तर उद्या पोरं त्याच्या नावानं शिट्ट्या मारतील."

"म्हणजे त्याचं नाव राहावं म्हणून माझं गेलं तेच बरोबर?"

मी बाहेर जाऊन मोटारसायकल सुरू केली.

ती पदर खोचून मागे बसली आणि आम्ही निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. उसाचे ट्रॅक्टर, दुधाची गाडी, एक वरातीचा टेम्पो, सगळे उभे. वरातीतल्या पोरांनी तेवढ्यातही खाली उतरून नाचायला सुरुवात केली. आम्ही दोघं मोटारसायकलवर तसेच बसून होतो.

मागून शालन म्हणाली, "तुमची ओळख कुठं झाली?"

"त्याच्या शाळेच्या बोअरची मोटर जळली होती. मी तार नव्यानं भरून दिली. परत जळली. परत भरून दिली. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, हा मुद्दाम पाणी नसताना चालू ठेवतोय."

पाठीवर मला कळलं की ती हसते आहे. मग कळलं की हसत नाही. मी मागे वळून बघितलं नाही. बाईला तेवढी जागा द्यावी.

मालगाडी गेली. फाटक उघडायच्या आधी ती म्हणाली, "माझ्याशी त्यानं कधी असं काही केलं नाही. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी काळी आहे, माझे दात पुढं आहेत. आरशात बघून बघून कारण शोधायची मी. त्यानं एकदा जरी सांगितलं असतं ना, मी शिव्या दिल्या असत्या, पण आरसा तरी सुटला असता."

तिथं माझं ठरलं. फाटक उघडलं, मी किक मारली आणि म्हणालो, "सांगतो."

"काय?"

ट्रॅक्टरचा आवाज होता. मी ओरडून म्हणालो, "सांगतो, ताई! तुमच्या मनासारखं सांगतो!" वरातीतली पोरं माझ्याकडे बघून हसली.

आम्ही पोचलो तेव्हा कॉलेजची गाडी आलेली होती. ड्रायव्हर बाहेर बाभळीखाली उभा होता. अंगणात भावकी बसली होती, तिरडी बांधून झाली होती आणि श्रीरंगला ओसरीवर आणून ठेवलं होतं. त्याच्या कपाळाला त्यांनी गुलाल-बुक्का फासला होता. त्याला ते आवडलं नसतं. शिंका येतात म्हणायचा.

शालनला बघितल्यावर बायकांत गलका उठला. दोघी-तिघी धावत आल्या आणि एकीनं तिचा हात धरला, बांगड्या फोडायला.

"हात सोड," शालन म्हणाली.

"अगं बाई, रीत असती..."

"नांदवायची पण रीत असती. ती कुठं गेली होती? सोड म्हणते ना."

हात सुटला. अंकुशराव उठून पुढे आला. मोठा माणूस, पांढरा फेटा. शालनला म्हणाला, "आलीस, बरं केलंस. दर्शन घे. आता उशीर नको, चला रं, उचला."

"थांबा, भाऊजी. ते कॉलेजला जाणार आहेत. मी सही करते."

"तू?" अंकुशराव माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्येनं पढवून आणलंय व्हय तुला? तू कोण सही करणार? इतकी वर्सं कुठं होतीस?"

"तुम्ही सोडलं तिथंच. लोणंदला."

"मग संपलं की नातं."

"संपलं? फारकत कुठाय? दाखवा." शालननं हात पुढे केला. "माझा बाप तुमच्या दारात येऊन पाया पडला होता. तुम्हीच म्हणालात, भोईट्यांच्या घरात फारकत होत नसते. मग झाली नाही. मला बायको तुम्हीच ठेवलंय, भाऊजी. आता बायको सही करती."

बसलेल्यांतले दोन-तीन म्हातारे जमिनीकडे बघू लागले. ते त्या बैठकीला होते.

अंकुशरावचा चेहरा लाल झाला. "आगं, ज्या बाईनं घराला वारस दिला न्हाई..."

शालननं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी बसलेल्यांमधून वाट काढत ओसरीवर चढलो. श्रीरंगच्या डोक्यापाशी उभा राहिलो.

"वारस झाला नाही, त्यात शालनताईंचा काही दोष नव्हता," मी म्हणालो. "श्रीरंगला बाई नको होती. तो तसा नव्हता. लग्न तुम्ही लावून दिलं, तो नको म्हणत असताना. मीही तसा नाही. आम्ही दोघं मित्र म्हणून राहिलो नाही. नवरा-बायको जसे राहतात तसे राहिलो. त्याला उठवायचो मी, त्याचे पाय चेपायचो मी, आज त्याचे डोळे मिटले ते पण मी. कुणाला काय म्हणायचं असेल ते मला म्हणा. ताईंना वांझ म्हणायचं नाही. परत कधीच नाही."

अंगणाच्या कोपऱ्यात श्रीरंगची आत्या बसली होती, हौसाआत्या म्हणायचे सगळे. तिला कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू आलं होतं. तिनं विचारलं, "म्हंजे दोघंच राहायचा? मग भाकरी कोन थापायचं?"

"श्रीरंग," मी म्हणालो. "मला गोल जमत नाही."

"बापय माणसानं थापलेली भाकरी," हौसाआत्या म्हणाली, आणि मान हलवत राहिली. त्यातलं तिला नेमकं काय पटलं नाही ते कळलं नाही.

मागून कुणीतरी थुंकलं. कुणीतरी शिवी दिली, तीही मला पाठ असलेलीच. अंकुशराव पायरी चढून आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. "मेल्या मानसाला बट्टा लावतोस? गुरुजी म्हणत्यात त्याला गावात!"

"उद्यापण म्हणतील," मी म्हणालो. "नाही म्हणाले तर ज्यांना त्यानं शिकवलं त्यांना ते शोभेल का, ते त्यांचं ते बघतील. कॉलर सोडा."

"पोलिसात देतो तुला!"

"द्या. आधी त्याला पोचवून येतो. मग मी कुठं पळत नाही, दुकानातच असतो."

त्यानं हात उगारला. मी तोंड बाजूला केलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यानं मारावं असं मला वाटत होतं. सकाळपासून मला कुणी हात लावला नव्हता. घरातला माणूस गेला की लोक जवळ घेतात, पाठीवरून हात फिरवतात. माझ्या वाट्याला निदान एक थप्पड तरी यायला पाहिजे होती.

त्यानं मारलं नाही. हात खाली घेतला आणि म्हणाला, "चला रं. ज्यांना ह्या घाणीत बसायचंय त्यांनी बसा." भावकी उठली. कुणी चपला शोधत होतं, कुणी मडकं उचलून घेऊन चाललं होतं. तिरडी अंगणात तशीच राहिली.

शालन ओसरीवर बसली आणि ड्रायव्हरनं आणलेला संमतीचा कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. शालन श्रीरंग भोईटे. सावकाश, एकेक अक्षर.

"हे नाव लिहायची सवय गेली," ती म्हणाली. मग श्रीरंगकडे वळली. मला वाटलं आता रडेल. तिनं पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा बुक्का पुसला आणि त्याला म्हणाली, "झालं का मनासारखं? आमचं विचारायचं राहूनच गेलं तुझं."

खांदा द्यायला कुणी उरलं नव्हतं. ड्रायव्हरनं स्ट्रेचर आणलं. खांद्याला चार माणसं लागतात, स्ट्रेचरला दोन पुरतात. मी डोक्याकडून धरलं, शालननं पायाकडून. वजन तिला झेपलं. शेजारचे लोक कुंपणाआडून बघत होते. त्यांतले बरेच जण नंतर माझ्या दुकानात यायचे बंद झाले. काही महिन्यांनी पुन्हा यायला लागले, कारण उन्हाळ्यात मोटर जळली की जातीची माणसं, नीतीची माणसं सगळी पाणीच बघतात.

अंकुशरावनं पुढे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि दहावं-तेरावं सगळं केलं. मला कुणीतरी येऊन सांगितलं. मी म्हणालो, करू दे. गवताला काही भाजत नाही.

घर शालननं घेतलं. बोलली तसं घेतलं. मी तिथंच राहतो आणि तिला भाडं देतो. एकदा मी दोन दिवस उशीर केला तर तिच्या दुकानातून फोन आला. "निवृत्ती, मी विधवा बाई आहे, माझी अशी परवड करू नका," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. कायद्यातला तो गुन्हा आता गेला. लग्न अजून आलेलं नाही. आज श्रीरंग गेला असता तरी मला मोटारसायकल काढून लोणंदलाच जावं लागलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही कॉलेजला पोचलो. श्रीरंगला आत नेलं. एका पांढऱ्या दाराशी मला थांबायला सांगितलं आणि दार लागलं. मला तिथं खूप काही करायचं होतं, पण काय करायचं ते सुचलं नाही. मी दाराला हात लावून उभा राहिलो.

मग ऑफिसात बोलावलं. टेबलाशी एक क्लार्क होता, शांत, डोळ्यांवर जाड चष्मा. शालनचे कागद त्यानं तपासले. संमती देणार, पत्नी. बरोबर. मग म्हणाला, "मृतदेहासोबत कोण आलं?"

"मी," मी म्हणालो.

"नाव?"

सांगितलं. त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं.

"नातं?"

सकाळी याच प्रश्नाला मी फोनवर चाचरलो होतो. "नवरा," मी म्हणालो.

त्यानं चष्म्यावरून शालनकडे बघितलं. "यांचे?"

"नाही. माझे नव्हेत," शालन म्हणाली. "जे आत गेले त्यांचे."

क्लार्क पेन धरून थांबला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "परिचित लिहू का? शेजारी लिहितो, काही बिघडत नाही. असंच लिहितात."

मी हात पुढे केला. त्याला कळेना, मग कळलं, आणि त्यानं पेन दिलं. रजिस्टर मी माझ्याकडे फिरवलं आणि त्या जागी माझ्या हातानं लिहिलं. नवरा. खाली सही केली.

"अहो, हे असं ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "साहेब मला खोडायला लावतील."

"खोडा," मी म्हणालो आणि पेन परत दिलं.

खोडलंही असेल. मी परत जाऊन बघितलं नाही. पण खोडायच्या आधी साहेबांना ते वाचावं लागलं असणार.